लाजरी

‘लाजरी आहे हो ही,’ ती बाई म्हणाली, आणि माझा डावा पाय नव्या बुटात अर्धवट गेला होता तो तसाच राहिला. दुकानातल्या माणसाने आरशावरचा दिवा लावला होता, गिऱ्हाइकाला आपला पाय नीट दिसावा म्हणून, आणि त्या बाईच्या मांडीवरची दीड-एक वर्षाची पोर झटकन वळून आईच्या खांद्यात घुसली होती. ‘नवीन माणसं दिसली की तोंड लपवते. घरी येऊन बघा, नुसता धुडगूस.’ दुकानातला माणूस हसला, मीही सवयीने हसले. पण पोरीने आम्हाला पाहून तोंड लपवलंच नव्हतं. दिवा लागला तेव्हा लपवलं होतं. या दोन गोष्टींत अर्ध्या सेकंदाचा फरक असतो, आणि तो ओळखण्यात या शहरात माझा हात धरणारं कुणी नसेल. चव्वेचाळीस वर्षं मी तेच करत आले आहे. माणूस दिवा बंद करून खोकी आणायला आत गेला, तशी पोरीने हळूच मान वर केली. मी गॉगल नाकावर खाली ओढला, वाकले, आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. काळे. नुसते काळे, कडेपर्यंत. बाहुलीभोवती तपकिरी, घारं, जे काय कडं असायला हवं ते नव्हतंच. आणि दोन्ही डोळे बारीक थरथरत होते, पाण्यावर सोडलेल्या बटणांसारखे. असे डोळे मी रोज सकाळी दात घासताना बघते.

मला दया आली नाही, हे आधी सांगून टाकते. आमच्या घरात या डोळ्यांची दया करायची पद्धत नव्हती. आईचे डोळे असेच, म्हणून माझे असे. आई फोटो स्टुडिओत फिल्म धुवायची. बाहेरच्या भगभगीत उन्हात तिला समोरचा विजेचा खांब दिसायचा नाही, दोनदा आपटून कपाळाला टेंगूळ आलेलं. पण स्टुडिओच्या मागच्या त्या काळोख्या खोलीत ती राणीसारखी वावरायची. मालक, मालकाचा भाऊ, नवा फोटोग्राफर, सगळे तिथे चाचपडायचे, ट्रेला धडकायचे, आणि आई त्यांना हाताला धरून बाहेर काढायची. ‘जा, उजेडात बसा जरा,’ म्हणायची, ‘इथे तुम्हाला काही दिसायचं नाही.’ हे वाक्य तिच्या तोंडून ऐकत मी मोठी झाले. शाळेत बाईंनी मला ‘मान वर करून बोलता येत नाही का, लाजतेस कसली’ म्हटलं, तेव्हा आई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, वर्गाचे सगळे पडदे स्वतः ओढले आणि म्हणाली, ‘आता विचारा तिला काय विचारायचं ते.’ मी तेव्हा मान वर करून तेराचा पाढा म्हटला. पडदे पुढे चार वर्षं ओढलेलेच राहिले.

तेव्हा दया नाही. पण मांडीवरच्या पोरीकडे बघताना माझ्या मनात एक दुसरीच गोष्ट हलायला लागली होती, आणि ती मला नको होती. मी या बाईच्या डोळ्यांत पाहिलं. साधे तपकिरी, बाहुलीभोवती छान गोल कडं. ती माझ्याशी बोलत होती, नवऱ्याची बदली झाली आहे, तो महिन्यातून दोनदा येतो, पोरीला तिच्या बाबांसारखीच खळी पडते, आणि मी फक्त एवढंच ऐकत होते की बाबांचे डोळे कसे आहेत ते ती सांगते का. ‘नाकडोळे मात्र कुणाचेच नाहीत बघा,’ ती म्हणाली. ‘आमच्यात नाहीत, त्यांच्यात नाहीत. कुठून उचलून आणलीय कोण जाणे.’ आणि आपल्याच विनोदावर हसली. मी हसू शकले नाही. घरात कुणाचेच नसलेले डोळे पोरीला आले असतील, तर प्रश्न डोळ्यांपाशी थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. माझं पोट भरतं तेच या ठाऊक असण्यावर.

एकोणीस वर्षं मी एका प्रथिनावर काम करते. पेशीत जो लांबलचक दुपदरी धागा असतो, ज्यावर माणूस कसा घडवायचा ते सगळं लिहिलेलं असतं, त्या धाग्यावर ठरावीक जागी जाऊन बसणं हे या प्रथिनाचं काम. ते बसलं की तिथला मजकूर वाचायला सुरुवात होते, आणि पोटातल्या बाळाचा डोळा आकार घेऊ लागतो. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, आणि माझ्या माळेतला एकच मणी चुकला आहे, आईकडून आलेला. त्याच मण्याने धाग्याला स्पर्श करायचा होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना म्हटलं, माझंच मोडकं प्रथिन बनवून बघू या. सरांनी हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘तुला झेपेल?’ मी बनवलं. धाग्याचा छोटा तुकडा एकटाच असला तर वीज लावल्यावर जेलमधून, म्हणजे एका लिबलिबीत पारदर्शक वडीतून, सुळकन पुढे पळतो. त्याच्यावर प्रथिन बसलेलं असलं तर ओझं घेऊन मागे रेंगाळतो, वर एक वेगळी काळी पट्टी दिसते. चांगल्या प्रथिनाच्या रांगेत पट्टी वर होती. माझ्या रांगेत काहीच रेंगाळलं नव्हतं. सगळे तुकडे खाली, मोकळे, बिनओझ्याचे. सरांना वाटलं मी रडेन. मी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘जेल फार स्वच्छ आलंय हो सर.’ ते खरंच स्वच्छ आलं होतं.

तेवढ्यात बाईचं बूट घेऊन झालं. लाल, चालताना पींपीं वाजणारे. पोरीच्या पायात घालूनच ती उठली, मला ‘येते हां’ म्हणाली, दार उघडलं, आणि बाहेरच्या उन्हात पोरीने पुन्हा तोंड लपवलं. दार बंद झालं. मी बसून राहिले. खरं म्हणजे तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि मी का बोलले नाही तेही मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी एका बसमध्ये असेच थरथरणारे डोळे दिसले म्हणून मी एका बापाला सांगायला गेले होते. त्याने सगळ्या बससमोर मला सुनावलं, ‘माझ्या मुलाला काही झालेलं नाही. तुमचं तुम्ही बघा आधी.’ आणि त्या मुलाचे डोळे घारे होते, कडं जागच्या जागी, थरथर होती ती दुसऱ्याच कशाने. मी चुकले होते. त्यानंतर रस्त्यावर कुणाच्या डोळ्यांत वाकून बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मी पाळते. पण आज कडं नव्हतं. आज मी चुकले नव्हते. आणि मी गप्प बसले तर ही बाई आणखी वर्षभर ‘लाजरी आहे’ म्हणत राहील, आणि तेवढ्या वर्षभरात जे व्हायचं ते पोरीच्या पोटात, आवाज न करता होऊन जाईल.

मी उठले आणि पळाले. डाव्या पायात नवा बूट, उजव्या पायात माझी जुनी चप्पल. ‘अहो बाई! बूट!’ दुकानातला माणूस ओरडला. ‘पिशवी ठेवलीय ना तिथे!’ मी ओरडले आणि उन्हात शिरले. भर अकराच्या उन्हात गॉगल असूनसुद्धा मला फूटपाथ म्हणजे पांढरं दूध दिसतं. त्यात माणसं विरघळलेली. डावीकडे की उजवीकडे? मी डोळे चक्क मिटून घेतले. हॉर्न, कुणाचं तरी शटर, बसचा उसासा, आणि मग, डाव्या बाजूला, बरंच पुढे, पीं. पींपीं. मी त्या आवाजामागे निघाले. एका माणसाला धडकले, तो ‘दिसत नाही का’ म्हणाला, मी ‘नाही’ म्हणाले. औषधांच्या दुकानाच्या पायरीपाशी छपराची सावली होती आणि तिथे ती बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी होती.

‘तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय,’ मी म्हटलं. धाप लागली होती. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग पोरीला उचलून कडेवर घेतलं. शहाण्या बाईने तेच केलं असतं.

‘काय झालं?’

‘ती लाजरी नाहीये. तिला उजेड सहन होत नाही.’ मी गॉगल काढला. सावली असली तरी समोरच्या काचेवरून ऊन येत होतं, सुया टोचल्यासारखं. मी डोळे उघडे ठेवले. ‘माझ्याकडे बघा.’

तिने पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा कसा बदलला ते मला त्या उजेडात नीट दिसलं नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं. ‘डॉक्टर म्हणाले होते, डोळे हलतात ते मोठी झाली की थांबेल,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांनंतरची मिळालीय. तुम्ही डॉक्टर आहात?’

‘नाही. प्रयोगशाळेत काम करते. पण हे माझंच काम आहे. दोन महिने थांबू नका. आणि डोळ्यांच्या आधी तिच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्या. किडन्यांची. याच आठवड्यात.’

‘डोळ्यांचा आणि किडनीचा काय संबंध?’ तिचा आवाज चढला. ‘काय बोलताय तुम्ही?’

औषधवाला काउंटरवरून वाकून ऐकायला लागला होता. मी पायरीवर बसले, कारण उभं राहून हे सांगता येत नाही. ती बसली नाही. मी तिला धाग्याचं सांगितलं. डोळा घडवणारं प्रथिन धाग्यावरच्या ज्या जागी लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारीच आणखी एकाचा मजकूर असतो, किडनी घडवणाऱ्याचा. तेही असंच, धाग्यावर जाऊन बसणारं. कुणाकुणाच्या बाबतीत एखादं अक्षर चुकतं, आईचं आणि माझं चुकलं तसं, आणि मग फक्त डोळा. पण घरात कुणालाच नसताना एखाद्या मुलाला होतं, तेव्हा कधी कधी धाग्याचा तेवढा तुकडाच गळलेला असतो, शेजाऱ्यासकट. मग किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. गाठ येऊ शकते. ‘येईलच असं नाही,’ मी म्हटलं. ‘बहुतेक मुलांच्या बाबतीत तुकडा गळलेला नसतोच. पण बघितल्याशिवाय कळत नाही, आणि लवकर कळलं तर बरं करता येतं. अगदी पूर्ण बरं.’

पोर माझ्या गॉगलकडे हात करत होती. मी तो तिला दिला. तिने तो तोंडात घातला.

‘पण त्याला कळतं कसं?’ ती बाई एकदम म्हणाली. ‘एवढ्या लांब धाग्यावर, आपण कुठे बसायचं ते?’

नोकरीच्या मुलाखतीत सरांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि मी पुस्तकातलं उत्तर दिलं होतं. या बाईला मी आईचं उत्तर दिलं. आई फिल्म हाताळायची तेव्हा लाल दिवासुद्धा चालत नसे, पूर्ण काळोख लागे. डबा उघडून बघणं शक्य नाही. बघितलं की फिल्म गेली. म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात, काठाला, बारीक खाचा पाडलेल्या असतात. आई अंगठा काठावरून फिरवायची आणि सांगायची, ही अमुक जातीची, हिची ही बाजू वर. धाग्याचंही तसंच आहे. अक्षरं आत असतात, दोन्ही पदरांच्या मध्ये मिटलेली. पण त्यांचे काठ बाहेरच्या पन्हळीत उघडे राहतात. प्रथिन धागा उसवत नाही. आधी कुठेही चिकटतं, घसरत जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि आपलं एक बोट त्या पन्हळीतून फिरवत राहतं. हव्या त्या खाचा लागल्या की तिथे टिकतं. ‘बाकी ठिकाणी क्षणभर,’ मी म्हटलं, ‘आणि तिथे बराच वेळ. तेवढंच त्याचं कळणं.’

‘आणि हिच्यात ते नाहीच?’

‘अर्धं आहे. एक प्रत तुमच्याकडून येते, एक बाबांकडून. एकच धड असली की अर्धंच तयार होतं. बाकी शरीर बरंच चालवून घेतं. डोळा चालवून घेत नाही.’

तिने पोरीच्या तोंडातून गॉगल काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. ‘तुम्ही मला फार घाबरवलंत,’ ती म्हणाली. मी माझा नंबर तिच्याकडच्या बुटांच्या बिलामागे लिहून दिला. तिने घेतला, पण स्वतःचा दिला नाही, आणि पींपीं आवाज गर्दीत जाईपर्यंत मी पायरीवर बसून राहिले. मग दुकानात परत गेले आणि उजव्या पायाचा बूट घेतला.

घरी आईला सांगितलं. ती आता ब्याऐंशीची आहे, जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि जवळजवळ सगळं कळतं. ‘सांगितलंस ना?’ ती म्हणाली. ‘मग आता उगाच चघळत बसू नकोस.’ पण मी चघळत बसले. एकोणीस दिवस. प्रयोगशाळेत जेलसमोर बसून पट्ट्या पुढे सरकण्याची वाट बघताना माझ्या मनात ती बाई स्वयंपाकघरात उभी असायची, ओट्याला धरून. तुकडा गळलेला नसेल तर मी एका माणसाची झोप विनाकारण पळवली. गळलेला असेल तर? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला आणि दर वेळी त्याच ठिकाणी येऊन थांबले: पुन्हा दिसली तर पुन्हा सांगेन. फक्त आधी दोन्ही पायांत सारखं काहीतरी घालीन.

विसाव्या दिवशी दुपारी फोन आला. ‘मी बुटांच्या दुकानातली,’ ती म्हणाली. ‘केली सोनोग्राफी. काही नाही निघालं. दोन्ही किडन्या स्वच्छ.’ मला हायसं वाटायच्या आत ती पुढे म्हणाली, ‘दोन आठवडे माझ्या पोटात अन्न नव्हतं. सासूबाई म्हणतात, रस्त्यावरच्या कुणा बाईचं ऐकून पोरीला मशिनखाली घातलीस. आता तरी बरं वाटलं ना तुम्हाला?’

‘तीन महिन्यांनी परत करा,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘एकदा स्वच्छ निघणं पुरत नाही. रक्ताची तपासणी करून घ्या, तुकडा आहे की नाही ते त्यात कळेल. असला तर मला सांगा, मी स्वतः तुमच्या सासूबाईंच्या पाया पडते आणि सोनोग्राफी बंद. नसला तर दर तीन महिन्यांनी, ती शाळेत जाऊन जुनी होईपर्यंत.’

‘तुम्हाला कधीच वाटत नाही का हो, की आपलं चुकत असेल?’

‘वाटतं,’ मी म्हटलं. ‘एकदा चुकलंही होतं. पण हे नाही.’

तिने फोन ठेवला. तरी त्या दिवशी मी तीन जेलं चालवली, आणि तिन्ही नीट आली.

महिन्याने तिचाच फोन, आवाज वेगळा, सपाट. तुकडा नव्हता. शेजाऱ्यासकट नव्हता. ती रडली नाही. तारखा विचारल्या आणि लिहून घेतल्या, मला पलीकडून पेनचा आवाज ऐकू येत होता. त्यानंतर ती मला ‘अहो बाई’ म्हणायची ते ‘अहो ताई’ म्हणू लागली, का ते तिनेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ठकूला, पोरीचं घरातलं नाव ठकू, टोपी शिवायची तर छज्जा किती मोठा ठेवायचा, खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा, असलं विचारायला फोन करायची. माझ्या आईशी तासतासभर बोलायची. दुसरी सोनोग्राफी स्वच्छ. तिसऱ्या वेळी डाव्या किडनीत गाठ दिसली, बोटाच्या पेराएवढी. हात लावून कधीच लागली नसती, डॉक्टर म्हणाले; पोटावरून हाताला लागतात तोवर त्या नारळाएवढ्या झालेल्या असतात. आधी काही आठवडे औषधं, मग शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी रजा घेतली. नवऱ्याची गाडी रखडली होती, तो संध्याकाळपर्यंत पोचणार नव्हता. सासूबाई घरी, गुडघ्यांमुळे. आम्ही दोघी त्या लांब पांढऱ्या बोळात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. ती आपल्या ओढणीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. ‘ती मोठी झाली की मला विचारेल ना,’ ती म्हणाली, ‘माझ्याच वाट्याला हे का म्हणून?’

‘विचारेल. मीही विचारलं होतं, चौदाव्या वर्षी. वर हेही विचारलं होतं, तुला माहीत होतं तरी मला का जन्माला घातलंस.’

‘अगं बाई. मग?’

‘आई म्हणाली, मला माझं आयुष्य आवडत होतं. तुलाही आवडेल असं वाटलं. चुकलं का माझं?’

‘आणि तुम्ही काय म्हणालात?’

‘काही नाही. पाय आपटत गेले. उत्तर द्यायला मला पुढची दहा वर्षं लागली.’ ती हसली नाही, पण ओढणीचं टोक तिच्या हातातून सुटलं आणि तिने ते पुन्हा धरलं नाही. तेवढ्या वेळात मी बोळातले तीन ओळींचे सगळे दिवे मोजून काढले, दर दिव्यामागे एक सुई, आणि मला एकदाही भीती वाटली नाही. तशी ती वाटायला हवी होती. पण गाठ लहान होती आणि आम्ही वेळेत आलो होतो, हे मला माझ्या जेलमधल्या पट्टीइतकं स्वच्छ दिसत होतं.

दीड वाजता सर्जन बाहेर आल्या, टोपी काढून केस खाजवत. गाठ सगळी निघाली, म्हणाल्या, किडनीचा थोडाच भाग गेला, बाकीची छान आहे. पुढची औषधं अहवाल आल्यावर ठरवू. त्या गेल्या तरी ठकूची आई त्यांच्या पाठीमागे बघत उभीच राहिली, जणू त्या आणखी काही सांगायला वळतील. मग सिस्टरने दार अर्धवट उघडून हाक मारली. ‘शुद्धीवर येतेय. दोघंजण या आत, पण घरचेच हं, बाहेरचं कुणी चालणार नाही.’ मी मागे सरले. मी बाहेरचीच होते, आणि नियम तर मला आवडतात. अर्धवट उघडलेल्या दारातून आतली अंधुक खोली दिसावी म्हणून मी गॉगल काढून हातात घेतला होता. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर जास्तच पाहिलं, आणि आपणच मान डोलावली. ‘या मावशी ना तिच्या? या ना मग. डोळ्यांवरूनच कळतंय.’

मी तोंड उघडलं. चुकीचं कुणी बोललं की दुरुस्त करायची मला सवयच आहे.

‘हो,’ ठकूची आई म्हणाली आणि माझा दंड धरून मला आत ओढलं. ‘सख्खी.’